वरच्या खटक्यावरचं बोट

रोपवेच्या खालच्या स्टेशनात काम करणाऱ्या त्या माणसाला सगळेच जावई म्हणत. तिकिटं देणारा जावई म्हणे, झाडूवाली जावई म्हणे, आणि डोंगरावर फिरायला आलेला अनोळखी प्रवासीसुद्धा दोन मिनिटांत "अहो जावई, दार नीट लागलं ना?" असं विचारू लागे. वास्तविक तो एकाच माणसाचा जावई होता. पण तो माणूसच असा होता, की त्याचा जावई होणं ही एक वेगळी नोकरीच होती.

सासरे वरच्या स्टेशनात असत. डोंगराच्या माथ्यावर एक खोली, खोलीत एक खुर्ची, एक टेलिफोन आणि भिंतीवर एक खटका. पाळणा एकच होता. काचेच्या खिडक्यांची, आठ-दहा माणसं मावतील अशी लोखंडी खोली, पण तिला पाळणाच म्हणायची रीत पडली होती. तो जाड पोलादी दोरावरून चाकांवर धावे आणि दुसरा बारीक दोर त्याला ओढे. मोटार खालच्या स्टेशनात. मात्र ही मोटार एकट्या खालच्या माणसाचं ऐकत नसे. खाली एक खटका, वर एक खटका, दोन्ही एकाच वायरीत ओवलेले. दोघांनी आपापला खटका बोटाने उचलून धरला तरच दोर सरके. एकानेही बोट काढलं की स्प्रिंग खटक्याला खाली आपटे आणि पाळणा असेल तिथे उभा राही. वरच्याने धरला की खाली हिरवा दिवा लागे, खालच्याने धरला की वर. हे यंत्र ज्याने बांधलं त्याचा माणसांवर फारसा विश्वास नसावा. दोन जागी माणसं हवीत, आणि तीही शेवटपर्यंत जागी हवीत, असा त्याचा हट्ट होता.

सासऱ्यांना हा हट्ट मनापासून पटलेला होता. खटका हा त्यांचा जीव की प्राण. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी जन्मभर जमवलेले खटके होते आणि घरी आलेल्या माणसाला पाण्याआधी तो डबा दाखवला जाई. त्यात विमानातला एक होता, ज्याच्यावर लाल झाकण; ते उचलल्याशिवाय बोट आत पोचतच नाही, म्हणजे कोपर लागून चुकून काही सुरू व्हायला नको. बोटीवरच्या दिव्यांचा एक होता, खाऱ्या पाण्याने गंजू नये म्हणून रबराची टोपी घातलेला. क्रेनचा होता, जुन्या रेडिओचा होता, कुणा गिटारवाल्याच्या भोंग्यातून काढलेला होता. एकाची दांडी आधी ओढून मगच वळवावी लागे, आडमुठ्या घोड्यासारखी.

मुलगी मागायला जावई पहिल्यांदा त्या घरी गेला, तेव्हा सासऱ्यांनी त्याच्या हातात असाच एक खटका ठेवला होता.

"हा वर केला की काय होतं?"

"दिवा लागतो," जावई म्हणाला.

"दिवा बाहेर लागतो. आत काय होतं?"

जावयाला घाम फुटला. दाराआड मुलगी तोंडात पदर कोंबून हसत होती, ते त्याला दिसत होतं.

"हळू ढकल," सासरे म्हणाले. "अर्ध्यापर्यंत स्प्रिंग तुला अडवते की नाही? आता अजून जरा. बघ, अर्धं ओलांडलंस की तीच स्प्रिंग उलटते, तुझ्या बाजूची होते आणि स्वतःच ढकलून देते. खट! आतले दोन पत्रे एका झटक्यात जुळतात, एका झटक्यात सुटतात. हळूहळू सुटले तर मधे ठिणगी नाचत बसेल आणि पत्रे जाळून टाकेल. म्हणून खटका घुटमळत नाही. एकतर इकडे, नाहीतर तिकडे. तुझं काय?"

"तिकडे," जावई दाराकडे बोट दाखवून म्हणाला.

सासऱ्यांनी त्याच्या हातातला खटका काढून डब्यात ठेवला. मग म्हणाले, "हं."

हे 'हं' म्हणजे त्यांचा सगळा शब्दकोश होता. लग्न ठरलं ते त्याच 'हं'वर. त्यानंतर त्यांनी डब्यातून आणखी एक खटका काढून दाखवला. त्याची दांडी वर राही, खाली राही, आणि सोडली तर मधेही राही. "असेही असतात," ते म्हणाले. आणि डबा बंद करताना त्यांनी जे सांगितलं ते जावयाच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं.

"मुलगी देतो. खटका देणार नाही. ज्या दिवशी तुझं बोट दुखेल, त्या दिवशी बघू."

पुढे खालच्या स्टेशनातला माणूस निवृत्त झाला आणि मालकाने जावयाला तिथे नेमलं, तेव्हाही सासऱ्यांनी मान हलवली नाही. वरून त्यांची करडी नजर असे. नजर कसली, बोटच. खालचा दिवा मधेच दोनदा झटकन आणि एकदा सावकाश लुकलुके. टक-टक… टक. याचा अर्थ, 'जागा आहेस का, जावई?' फोनवर ते अक्षर बोलत नसत. फोन उचलायचे, ऐकायचे, 'हं' म्हणायचे, ठेवायचे. दिवसभर खटका उचलून त्यांची तर्जनी ठणके, म्हणून मेण, कापूर, लवंगेचं तेल आणि आणखी काहीतरी कालवून त्यांनी स्वतःच एक बाम केला होता. ते आणखी काहीतरी काय, हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. घरात आधी तो वास शिरे आणि मागून सासरे.

गेल्या वर्षी हंगामाच्या शेवटच्या दिवशी सासरे गेले. शेवटचा पाळणा त्यांनी खाली उतरवला, तो फलाटाला टेकला, हिरवा दिवा विझला, आणि खुर्चीत बसल्या बसल्याच त्यांनी मान टाकली. पाळणा पोचेपर्यंत बोट सुटलं नव्हतं. सासूबाई हे सगळ्यांना अभिमानाने सांगत आणि सांगताना डोळे पुसत. घरात बामची डबी उरली होती, ती त्यांनी थंडीत गुडघ्याला चोळून चोळून, बोटाने खरवडून संपवली. आता त्या डबीत शर्टाची बटणं असतात.

वरची खुर्ची मेहुण्याला मिळाली. मेहुणा म्हणजे बापाच्या बरोबर उलटा. बसायला सांगितलं तर आडवा होणारा. त्याने आणि जावयाने मिळून एक शोध लावला होता. सायकलच्या जुन्या ट्यूबचं एक कडं कापायचं, खटका उचलायचा आणि कडं त्याच्यावरून वरच्या खिळ्याला अडकवायचं. खटका आपोआप वर. खाली एक कडं, वर एक कडं. पाळणा बिचारा ये-जा करी, आणि दोघं आपापल्या ठिकाणी हात डोक्यामागे घेऊन बसत. सासरे असते तर दोघांचीही हाडं खिळखिळी केली असती. पण ते नव्हते, आणि वर्षभर काही बिघडलंही नव्हतं. बायको मात्र अधूनमधून त्याच्या बोटाकडे बघे आणि विचारी, "दुखतं का हो?"

"नाही बुवा," जावई म्हणे.

"हं," बायको म्हणे. तिचं 'हं' थेट बापावर गेलं होतं.

*

तर पुन्हा हंगामाचा शेवटचा दिवस आला. काम अगदी साधं होतं. वरची खोली काही महिन्यांसाठी बंद करायची, त्यामुळे सासऱ्यांच्या कपाटातलं सामान, शेवटी शेवटी तिथेच राहिलेला खटक्यांचा डबासुद्धा, खाली आणायचं. सासूबाई आणि बायको सकाळीच वर गेल्या. प्रवासी कुणी नव्हते. दुपारी धुकं उतरू लागलं आणि चार वाजायच्या आत खालच्या फलाटाचं टोकही दिसेनासं झालं.

फोन वाजला. "भावजी, आई आणि ताई बसल्यात," मेहुणा म्हणाला. "सोडू का?"

"सोड. आणि तू?"

"माझं काय… येतो मी." असं म्हणून त्याने फोन ठेवला. शेवटच्या पाळण्यानंतर वरच्या माणसाने कुलूप लावून पायवाटेने उतरायचं, हा जुना नियम. मेहुण्याला चालण्याचं वावडं होतं, म्हणून जावयाला त्याची जरा गंमत वाटली.

हिरवा दिवा लागला. जावयाने आपला खटका उचलला, कडं अडकवलं आणि मोटार घुमू लागली. मग तो मागच्या खोलीत गेला, चहाचं आधण ठेवलं, रेडिओ लावला. बाहेर ओल्या लाकडाचा आणि ग्रीसचा वास भरला होता. दोर कप्पीवरून कुरकुरत सरकत होता. रेडिओवर कुणीतरी भेंड्यांची लागवड कशी करावी ते सांगत होतं, आणि जावई मोठ्या आवडीने ऐकत होता, जरी त्याच्याकडे एक कुंडीसुद्धा नव्हती.

आणि मोटार थांबली.

आवाज बंद झाल्यावरच कळतं तो किती मोठा होता. जावई उठून आला. त्याचा खटका वरच होता, कडं शाबूत होतं. दिवा मात्र विझला होता. म्हणजे वरचं बोट सुटलं होतं, किंवा वरचं कडं.

"झोपलास ना रे, लोळ्या," तो पुटपुटला आणि त्याने फोन फिरवला. घंटा वाजत राहिली. खूप वेळ वाजली. मग पलीकडे रिसीव्हर उचलला गेला.

"अरे, काय करतोयस? आई आणि ताई मधेच लटकल्यात!"

नुसतं धुक्यासारखं शांत. मग फोनमधून, अगदी जवळून, आवाज आला. टक-टक… टक. आणि त्याच क्षणी समोरचा हिरवा दिवाही तसाच लुकलुकला.

जावयाच्या मानेवरचे केस उभे राहिले. पण माणूस घाबरला की आधी चिडतो. "बाबांची नक्कल करू नकोस हं," तो म्हणाला. "निदान आज तरी नको. अरे… बोल ना काहीतरी…"

पलीकडे कुणीतरी श्वास सोडला. बस्स.

रिसीव्हर तसाच लोंबकळत ठेवून जावई फलाटावर आला. का आला, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. सासऱ्यांची एक शिकवण तेवढी डोक्यात उरली होती, पाळणा थांबला तर आधी डोळ्यांनी बाहेर बघ, मग तोंड चालव. त्याने बॅटरी लावली आणि धुक्यात वर धरली.

फलाटापासून जेमतेम चार-पाच हातांवर, जाड दोरावर, एक वाळकी फांदी पडली होती. पडली कसली, बसली होती. तिच्या बेचक्यात दोर असा अडकला होता, की जणू कुणी मोजून बसवली. पाळण्याची चाकं तिच्यावर चढली असती तर दोरावरून उतरली असती. आणि बरोबर त्याच जागी खाली ओढ्याची घळ होती, इतकी खोल की पाण्याचा आवाजही वर येताना थकून येई.

आत रेडिओवरचा माणूस भेंड्यांना पाणी किती द्यावं ते सांगत होता. हे सगळं चालू असताना आपण भेंडी ऐकत होतो, हे त्याला आठवलं आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की रडूच आलं. त्याच्या घरातली सगळी माणसं त्या एका पाळण्यात होती. बायको त्या काचेत बसून आत्ता काय म्हणत असेल? दुखतं का हो?

मग त्याने डोळे पुसले. भिंतीवरची लांब आकडी काढली, कठड्याला पोट टेकून शक्य तितका वाकला आणि फांदीला हिसके देऊ लागला. फांदी हट्टी होती. पहिल्यांदा ती नुसती कुरकुरली, मग कलली, मग आकडीलाच धरून बसली. शेवटी एकदाची सुटली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. ती खाली आपटल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. तेवढ्या वेळात जावयाला पुढच्या दहा वर्षांचं शहाणपण आलं.

तो आत आला तेव्हा रिसीव्हर अजून लोंबकळत होता. त्याने कानाला लावला. "आहेस का रे? रस्ता मोकळा केला. फांदी होती. तू थांबवलंस म्हणून… वाचलो बघ आपण सगळे."

"हं," पलीकडून आवाज आला. आणि फोन ठेवला गेला.

काय पण नक्कल करतो, जावयाच्या मनात आलं. हुबेहूब. त्याने आपल्या खटक्यावरचं कडं ओढून काढलं आणि खिडकीतून भिरकावून दिलं. मग वर्षभरात पहिल्यांदा तर्जनीने खटका उचलला. खट. लगेच हिरवा दिवा लागला, जणू पलीकडे कुणी वाटच बघत होतं. मोटार घुमली.

स्प्रिंग किती जोर लावते, हे तो विसरून गेला होता. थोड्या वेळात बोटाचं पेर ठणकायला लागलं. पण हात बदलायची त्याला हिंमत होईना. नजर दिव्यावर, कान दोरावर. धुकं नाकात गेलं आणि एक सणसणीत शिंक आली. बोट निसटलं. मोटार थांबली, आणि गंमत अशी की हिरवा दिवाही तत्क्षणी विझला. मग लुकलुकला. टक-टक… टक.

"जागा आहे, जागा आहे," जावई नाक पुसत म्हणाला आणि पुन्हा खटका धरला. दिवा लागला. मेहुणा सुधारला म्हणायचा, त्याला वाटलं. इतकं लक्ष देऊन त्याने जन्मात जेवणसुद्धा केलं नव्हतं. खाली आला की त्याला आपल्या वाटचा चहासुद्धा द्यायचा, असं जावयाने ठरवलं.

धुक्यातून आधी पाळण्याचा पिवळा उजेड आला. मग खिडक्या आल्या. खिडकीत बायकोचा चेहरा दिसला आणि जावयाला बोट खटक्यावर ठेवूनच उडी मारावीशी वाटली. शेजारी सासूबाई, मांडीवर पत्र्याचा डबा. आणि त्यांच्यामागे तिसरी आकृती होती, बाकावर आडवी झालेली.

पाळणा फलाटाला टेकला आणि टेकताच मोटार नेहमीसारखी आपोआप बंद झाली. दार उघडलं. सगळ्यात आधी मेहुणा जांभई देत बाहेर आला.

"काय भावजी, मधेच का थांबवलंत? बोटं गारठली ना आमची."

जावयाला खटक्यावरचं बोट काढायचं धाडस होईना. "तू… तू वर नव्हतास?"

"कडं लावलं, कुलूप ठोकलं आणि पाळणा सुटता सुटता उडी मारून आत आलो. एवढं चालत कोण उतरणार?" मेहुण्याने खिशातून किल्ली काढून त्याच्यासमोर नाचवली.

"मग वर कोण आहे?"

"कोण असणार? कुणी नाही."

"फोन कुणी उचलला…?"

"कुठला फोन?" मेहुण्याने विचारलं, आणि मग त्याची नजर जावयाच्या नजरेमागून गेली. भिंतीवरचा हिरवा दिवा लागलेला होता. पाळणा पोचला होता, काम संपलं होतं, तरी तो स्थिर, शांत, लागलेलाच होता. मेहुण्याच्या हातातली किल्ली खळकन खाली पडली.

"ट्यूबचं… कडं असेल ते," तो कुजबुजला.

"कडं मधे सुटतं का रे? आणि परत लागतं? लुकलुकतं?"

बायकोने येऊन जावयाचा दंड घट्ट धरला. सासूबाई मात्र अगदी घरात वावरावं तशा पुढे आल्या. त्यांनी डबा मेजावर ठेवला, शाल सारखी केली आणि दिव्याकडे बघून जरा कौतुकाने, जरा कटकटीने म्हणाल्या,

"पोचलो हो आम्ही. सगळे नीट पोचलो. ठेवा आता."

दिवा विझला.

जावयाचं बोट आपोआप सुटलं आणि खालचा खटका खट करून पडला. सासूबाईंनी चहाच्या आधणाकडे बघितलं. ते आटून करपलं होतं. "पुन्हा ठेवा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "आणि असे पांढरेफटक नका पडू. त्यांच्या डब्यात मधे राहणारा पण एक खटका आहे ना? मग झालं तर."

*

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि ऊन पडलं की माणसाला धीर येतो. जावई आणि मेहुणा पायवाटेने वर गेले. वाटेत मेहुणा तीनतीनदा बसला, पण कुरकुरला नाही. कुलूप जसंच्या तसं होतं. खोली रिकामी, खुर्ची भिंतीशी सरळ लावलेली. खटका खाली होता, उघडा. त्याच्यावर कडं नव्हतं.

ते जमिनीवर नव्हतं, मेजाखाली नव्हतं. शेवटी मेहुण्यालाच ते दिसलं आणि त्याने तोंडावर हात धरला. दाराच्या वर, छताला लागून एक जुना खिळा होता. लहानपणी मेहुण्याच्या गलोली, भोवरे, शिट्ट्या जप्त करून सासरे त्याच खिळ्याला टांगून ठेवत, म्हणजे पोराचा हात पोचायला नको. ट्यूबचं कडं तिथे नीट टांगलेलं होतं. खुर्चीवर चढूनही मेहुण्याचा हात पोचला नाही.

"राहू दे तिथेच," जावई म्हणाला.

"राहू दे," मेहुणाही लगेच म्हणाला. "जप्त म्हणजे जप्त."

पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हापासून वर मेहुणा ताठ बसतो आणि शेवटच्या पाळण्यानंतर मुकाट्याने चालत उतरतो. त्याची ढेरी कमी झाली आणि त्याच्या लग्नाचंही बघायला सुरुवात झाली आहे, तेव्हा झालं ते बरंच झालं असं म्हणायचं. सासूबाईंनी खटक्यांचा डबा जावयाच्या हवाली केला. आता घरी कुणी आलं की जावई पाण्याआधी तो डबा काढतो आणि विचारतो, "हा वर केला की आत काय होतं, सांगा बघू?" लोक टाळायला लागले आहेत त्याला.

पण त्या पहिल्याच दिवसाचं सांगायचं राहिलं. हंगामाचा पहिला दिवस, गर्दी फार. जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोटाने खटका धरून उभा. कडं नाही, दोरी नाही, काही नाही. घरी आला तेव्हा तर्जनी सुजून लाल झाली होती. तो ओसरीवरच बसला आणि बायकोकडे बघून लहान पोरासारखा हसला.

"दुखतं," तो म्हणाला. "अगं, खरंच दुखतं!"

बायकोचा चेहरा असा खुलला, की लग्नाच्या दिवशीही खुलला नसेल. "थांबा, बाजारातून मलम आणून ठेवलंय मी," असं म्हणत ती आत गेली, ट्यूब घेऊन आली, त्याच्यासमोर बसली आणि त्याचा हात हातात घेतला. आणि तशीच थांबली. तिने त्याचं बोट उजेडात धरलं. मग हळूच नाकाजवळ नेलं.

"काय झालं?" जावयाने विचारलं.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू, आणि आवाज मात्र अगदी खाली गेला होता.

"तुम्ही… कुणाकडून लावून घेतलंत?" ती म्हणाली. "हा बाबांचा बाम आहे."